पहिली फेरी

सकाळी अकराच्या सुमारास हैदराबादच्या कोठी भागातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लागण्याची वाट पाहत होतो, तेव्हा यादगिरीचा फोन आला. माझा भाचा सुमेध याच्या लिफ्ट-दुरुस्तीच्या फर्ममधला हा सर्वांत जुना मेकॅनिक. “सार, सुमेध सार नहीं रहे,” एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, “कौनसी लिफ्ट में?” तो म्हणाला, “लिफ्ट नहीं सार. बुखार.” सुमेधला चार दिवस ताप होता, आदल्या संध्याकाळी त्याला दवाखान्यात हलवलं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी तोंडून आला तो हाच प्रश्न. गेली आठ वर्षं अवेळी फोन वाजला की घरातल्या प्रत्येकाच्या मनात तो आधी यायचा. सुमेध बत्तीस वर्षांचा होता.

त्याचे वडील नामपल्लीच्या एका सरकारी कार्यालयात अटेंडर होते. शाळेला सुट्टी म्हणून नऊ वर्षांचा सुमेध एकदा त्यांच्याबरोबर गेला आणि तिथल्या लिफ्टमध्ये दोन मजल्यांच्या मध्ये एकटाच अडकला. पाऊण तासाने त्याला बाहेर काढलं तेव्हा तो रडत नव्हता, बोलतही नव्हता. त्यानंतर तो बाथरूमची कडी लावेनासा झाला. असा मुलगा डिप्लोमा करून लिफ्टच्याच कामात शिरला, तेव्हा मी कारण विचारलं. “दूर ऱ्हायलं की जास्त भ्या वाटतं, मामा. जवळ गेलं तर आत काय हाय ते दिसतं तरी.”

चोविसाव्या वर्षी त्याने स्वतःचं काम सुरू केलं. आबिड्सच्या जुन्या इमारतींमधल्या, ओढायच्या जाळीच्या दाराच्या लिफ्ट इतर कुणी हातात घेत नसे. त्या त्याने घेतल्या. दुरुस्ती संपली की पहिली फेरी त्याची. एकटा आत जायचा, वरच्या मजल्यापर्यंत जाऊन खाली यायचा, आणि मगच वॉचमनला लिफ्ट चालू करायला सांगायचा. बाहेर येताना शर्ट पाठीला चिकटलेला असे. यादगिरी त्याला चिडवायचा, “सार, लिफ्ट भी आपकी, डर भी आपकाच. हमारे वास्ते क्या रखे?” गिऱ्हाइकं हे पाहत होती. ‘दुरुस्त करणारा स्वतः बसतो’ ही गोष्ट एका इमारतीतून दुसरीत गेली आणि काम वाढलं. हाताखाली तीस माणसं झाली. समाजाच्या एका कार्यक्रमात त्याचा सत्कार झाला तेव्हा वक्ते त्याला ‘निर्भय तरुण उद्योजक’ म्हणाले. व्यासपीठावरून उतरताच तो माझ्या कानाशी म्हणाला, “कडीचं सांगून येऊ का त्यांना?”

मग शहराच्या पश्चिमेकडच्या नव्या टॉवरांचं काम चालून आलं. एका बिल्डरच्या सगळ्या लिफ्ट. प्रत्येक लिफ्टचा दर महिन्याला तपासणीचा कागद, त्यावर फर्मच्या मालकाची सही, आणि सगळे कागद ठरल्या तारखेला. सुमेध आठवडाभर उत्तर देत नव्हता. माझ्या बहिणीने, त्याच्या आईने, जेवता जेवता विषय काढला. “घे की. तीस घरं हायत तुझ्यामागं. किती दिवस भिऊन ऱ्हाणार?”

“एवढ्या लिफ्टमध्ये मी कवा बसू, अम्मा?”

“यादगिरी हाय की.”

“यादगिरी माझ्याहून चांगला मेकॅनिक हाय. पण तो भीत नाही.” त्याने ताट बाजूला सारलं. “पगार दिला की माणूस मिळतो. भ्या नाही मिळत.”

काम त्याने घेतलं. पण लिफ्टमध्ये बसल्याशिवाय एकाही कागदावर सही केली नाही. महिन्याचे शेवटचे दहा दिवस तो टॉवरांमध्येच असे. माझी त्याची शेवटची भेट तिथेच, एका सव्वीस मजली इमारतीच्या तळाशी झाली. भर उन्हाळ्यात त्याने स्वेटर घातला होता. अंगात ताप होता. ही झाली की अकरा लिफ्ट राहतील, म्हणाला. मी म्हणालो, यादगिरीने तपासल्यात, सही करून टाक, घरी चल. त्याने माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही बसता?” तो एकटाच आत गेला आणि दार बंद झालं. पुढच्या दोन दिवसांत तो अंथरुणावरून उठू शकला नाही. त्या अकरा लिफ्ट राहिल्या त्या राहिल्याच.

फर्म आता ताईच्या, म्हणजे सुमेधच्या आईच्या, नावावर झाली आहे. तो गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात बिल्डरच्या ऑफिसातून फोन आला: “अम्मा, सिर्फ दस्तखत होना.” शनिवारपर्यंत कागद पोचले नाहीत तर काम दुसऱ्याला जाणार होतं. यादगिरी अकरा कागद घरी घेऊन आला. सगळं पुन्हा तपासलंय, पक्कं आहे, म्हणाला. त्याच्या बोलण्यावर शंका घ्यावी असं काही नव्हतं. ताईने पेन हातात घेतलं, पहिल्या कागदावर टेकवलं आणि तसंच खाली ठेवलं. “गाडी काढ,” ती मला म्हणाली.

तिचे गुडघे दुखतात. लिफ्टमध्ये ती आजवर एकटी कधी बसली नव्हती. पहिल्या लिफ्टपाशी यादगिरी तिच्याबरोबर आत शिरू लागला, तर तिने हाताने अडवलं. “तू भाईर थांब.” दारावरचा आकडा चढत जाई, उतरत येई, आम्ही दोघं खाली उभे राहून तो पाहत होतो. ती बाहेर आली की भिंतीचा आधार घेई, कागदावर नाव लिही आणि पुढच्या दाराकडे वळे. सातव्या लिफ्टमधून उतरली तेव्हा तिने पेन मागितलं नाही.

“वर कायतरी घासल्यावानी वाजतंय.”

“वो हवा का आवाज है, अम्मा. उंची पर ऐसाच आता.”

“मग हवा कुठून येती ते बघ.”

यादगिरी हसला नाही. त्याने हत्यारांची पिशवी उचलली आणि जिना चढू लागला. ताई लिफ्टच्या उघड्या दारात एक पाय आत, एक बाहेर ठेवून उभी राहिली, यादगिरी वर काम करत असेपर्यंत कुणाला लिफ्ट बोलावता येऊ नये म्हणून.