बस्त्याचं दुकान

आमच्या बीडच्या बाजारपेठेतलं ते तीन मजली दुकान बंद होणार, अशी बातमी शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली आणि दिवसभर तिथं गहिवराला नुसता ऊत आला. काय ते दिवस, काय ती माणसं. कुणी हात जोडले, कुणी रडके चेहरे टाकले. एकाने तर लिहिलं की आपलं अख्खं बालपण त्या दुकानात गेलं. तुला त्या दुकानाच्या पायरीवर तरी कुणी उभं केलं होतं का, असं त्याला विचारावंसं वाटलं, पण नाही विचारलं. मग एका मैत्रिणीने माझं नाव पुढं केलं. तू लिहितेस ना, मग दोन पानं लिही, मालकांच्या सत्काराला वाचून दाखवू. मी हो म्हटलं. ती दोन पानं ही. वाचून दाखवायची की नाही, ते त्यांनी ठरवावं.

मला त्या दुकानाची किळस येते. हे आधीच सांगितलेलं बरं.

खाली शर्टिंग-सूटिंग, चपला, बांगड्या आणि बॅगा. पहिल्या मजल्यावर साड्या. त्याच्या वर रेडिमेड आणि भांडी. जन्मापासून लग्नापर्यंत सगळं एका छपराखाली, असं दारावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं. बायकांना लघवीला जायची सोय नाही, हे मात्र कुठं लिहिलेलं नव्हतं. घाटनांदूरकडून, गेवराईकडून जीपगाड्या भरभरून बायका यायच्या, सकाळी दहाला गादीवर बसायच्या त्या चार वाजता उठायच्या. म्हाताऱ्या बायका पाणी प्यायच्या नाहीत. कावून पीत न्हाई म्हणून विचारलं, तर तहानच न्हाई म्हणायच्या.

आणि त्या गाद्या. लोक आता त्या शुभ्र गाद्यांच्या आठवणी काढतात. शुभ्र कुठल्या, त्यांवर चहाच्या कपांचे गोल डाग होते, लहान पोरांनी ओलं केलेले पिवळे नकाशे होते, आणि बाजूला तक्क्यावर डोकी टेकून टेकून तेलाचा काळा पट्टा पडलेला होता. पाण्याच्या माठावर एकच पेला, तो सगळ्यांनी तोंडाला लावायचा. जेवणाच्या वेळी दुकानाकडून पुरीभाजी यायची. ती खाऊन बायका हात कागदाला पुसायच्या आणि त्याच हाताने पुन्हा रेशीम चाचपायच्या. साड्या दाखवणारा माणूस प्लास्टिकची पिशवी उघडताना दर वेळी बोट जिभेला लावायचा. दिवसाला दोनशे पिशव्या तरी उघडत असेल. लग्नात मांडवभर नव्या साड्यांचा वास दरवळतो म्हणतात. मला त्यात त्याची थुंकी आठवते.

मालक दारातच बसायचे. जीपमधून उतरलेल्यांना उठून नमस्कार करायचे, आणि पायी आलेल्यांना पिशवी बाहेर ठेवा म्हणायचे. माझे वडील कोर्टात कारकून होते. आम्ही पायीच जायचो. आईची पिशवी नेहमी बाहेर असायची आणि आतमध्ये तिचं अर्धं लक्ष त्या पिशवीकडे असायचं.

पण ज्या किळसेबद्दल सांगायचं आहे ती याच्याहून वेगळी आहे. गाद्या काय, धुता आल्या असत्या.

आमच्याकडे लग्नाचा बस्ता बांधतात. म्हणजे दोन्हीकडची माणसं एकाच दिवशी एकाच दुकानात जमतात आणि लग्नाचं सगळं कापड घेतात. नवरीचा शालू नवऱ्याकडची माणसं घेतात, म्हणून तो त्यांनी निवडायचा. नवरी तिथं असते, पण तिने बोलायचं नसतं. तिने मान खाली घालून गादीवर बसायचं. लोक तिच्या खांद्यावर साड्या टाकतात, हनुवटीला धरून तोंड उजेडाकडे फिरवतात आणि रंग खुलतो का बघतात. पहिल्या मजल्यावर मोठा आरसा होता आणि वर चार ट्यूबलाइट होत्या. त्या पांढऱ्या उजेडात भलीभली पोरगी आजारी दिसायची.

माझी मोठी बहीण सावळी होती. मी गोरी. हे घरात कुणी मुद्दाम बोलायचं नाही, म्हणजे रोज बोलायचं नाही. तिचं लग्न ठरलं तेव्हा मी आठवीत होते. कॉलेजला जाताना ती त्या दुकानाच्या काचेसमोर रोज थांबायची, कारण काचेत एका पुतळ्याला वांगी रंगाचा शालू नेसवलेला होता, गर्द, बारीक सोनेरी बुट्ट्यांचा. बस्त्याच्या सकाळी माझ्या वेण्या घालताना ती म्हणाली, "मला काय बोलता यायचं न्हाई तिथं. तुला कुणी इचारलं तर वांगी सांग. तू लहान हायस, तुला कुणी काय म्हणणार न्हाई."

मी मान हलवली. वेणी ओढली गेली म्हणून ओरडलेसुद्धा.

दुकानात तिला बसवलं आणि सुरुवात झाली. एक साडी टाकली, दुसरी टाकली. नवऱ्याची आत्या जरा तोंड वाकडं करून म्हणाली, "हिच्यावर कायबी खुलंना." आईने ऐकलं नाही असं केलं. साड्या दाखवणारा माणूस मुरलेला होता, त्याचं लक्ष माझ्याकडं गेलं. "ही धाकटी हाय का? हिला उभी करा. हिच्या अंगावर कपड्याचा खरा रंग दिसंल."

मग मला उभं केलं. आणि पुढचे दोन तास माझ्या बहिणीचं लग्न माझ्या अंगावर खरेदी झालं. तो माणूस निऱ्या काढायचा, पदर खांद्यावर सोडायचा, सगळ्या बायका एकदम हं म्हणायच्या. मी आरशात बघायचे. इतक्या मोठ्या आरशात मी स्वतःला कधी बघितलं नव्हतं. मला फार आवडलं, हे लिहिताना आता माझं मलाच कसंतरी होतं. बहीण गादीवर बसून, मी उतरवलेल्या साड्यांच्या घड्या घालत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. हाताला काहीतरी हवं म्हणून घालत असावी.

थोड्या वेळाने आत्याने तिला चपला आणि बांगड्यांचं माप बघायला खाली नेलं. तेव्हा माझ्या अंगावर अबोली रंगाचा शालू होता. होणाऱ्या सासूबाई इतका वेळ गप्पच होत्या. जाड भिंगाचा चष्मा लावलेली, साधी बाई. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, "पोरी, तुझ्या ताईला कोणता रंग आवडतो गं? ती काय सांगणार न्हाई."

वांगी रंगाचा शालू तिथंच होता, ढिगाच्या बाजूला, अजून न उलगडलेला. मी तो पाहिला. मग आरशात पाहिलं. अंगावरचा उतरवावा लागेल, एवढंच तेव्हा डोक्यात आलं.

"हाच," मी म्हटलं. "ताईला अबोलीच आवडतो."

त्यांनी लगेच तो बाजूला काढायला सांगितला. बस्ता बांधला, गाठोड्याला हळदकुंकू लागलं, मालकांनी सगळ्यांना थंडगार बाटल्या पाजल्या. घरी येताना बहिणीने माझा हात दाबून विचारलं, सांगितलंस का? मी म्हटलं, सांगितलं गं, दोनदा सांगितलं, त्यांनी ऐकलंच नाही.

लग्नात ती त्या अबोली शालूत राख फासल्यासारखी दिसत होती. नवरीपेक्षा करवलीच उठून दिसते, असं कुणीतरी माझ्यामागे म्हणालं. तेही मला आवडलं. तो शालू तिने पुन्हा कधी नेसला नाही.

इथवरचं पोरवयातलं म्हणून सोडून देता येईल. पुढचं येत नाही. बहीण माहेरी आली की सासूबद्दल काहीबाही सांगायची, सगळ्या सुना सांगतात तेवढंच. आणि मी, चांगली शिकलेली, नोकरी लागलेली बाई, त्यात तेल ओतायचे. "त्यांनी तुझं शालूचंसुद्धा ऐकलं नाही," असं म्हणायचे. हे म्हटलं की ती गप्प व्हायची. मला वाटायचं, अजून दुखतंय बिचारीला. एकदा नाही, कितीतरी वेळा म्हटलं असेन. पुढं सासूबाई वारल्या, तेव्हा दहाव्याला जाऊन आले आणि तिथं मात्र मी तोंड भरून त्यांचं कौतुक केलं.

गेल्या लग्नसराईत बहिणीच्या मुलाचं लग्न ठरलं. आता बायपासला चकचकीत दुकानं झाली आहेत, एसी आहे, बायकांसाठी सोय आहे. पण बहीण म्हणाली, बस्ता जुन्याच दुकानात बांधायचा. मलाही यायला लावलं. तोच मजला, तशाच गाद्या, फक्त डाग नवे. आरशाचा पारा कडेने उडालेला.

नवरी सावळी होती. चांगली इंजिनीयर झालेली पोरगी, पुण्याला नोकरी करते, पण इथं येऊन मान खाली घालून बसली होती. तिची धाकटी बहीण शेजारी, बारावीतली, उजळ, मोबाइलवर फोटो काढत. दोन साड्या टाकून झाल्या आणि माझी बहीण म्हणाली, "धाकटीला उभी करा. हिच्यावर रंग कळंना."

ही बाई, जिने घड्या घालत दोन तास काढले होते, ती आता तक्क्याला टेकून हात हलवत होती. धाकटी लाजत उभी राहिली, तिच्यावर फिकट गुलाबी शालू टाकला, बायका हं म्हणाल्या. पोरगी आरशात बघून हसली. ते हसू माझ्या ओळखीचं होतं.

मला राहवलं नाही. मी नवरीकडे वळून जरा मोठ्यानेच विचारलं, "तुला कोणता पाहिजे, बाळा? तू सांग."

ती गडबडली. माझ्या बहिणीकडे बघून म्हणाली, "तुम्ही म्हणाल तो."

"तिला कावून इचारतीस?" बहीण म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, चहा ठेव म्हणावा तसा. "नवरी कुठं बोलत असती का. तिच्या बहिणीला इचार. मीबी माझ्या बहिणीलाच सांगून ठेवलतं."

मी तिच्याकडे पाहिलं. ती साड्यांकडे बघत होती.

"सासूनं मला पहिल्याच दिवाळीला सांगितलं," ती म्हणाली. "हौसेनं सांगितलं बिचारीनं. शालू तुझ्या बहिणीला इचारूनच घेतला म्हणली."

पहिल्याच दिवाळीला. म्हणजे मी जितक्या वेळा शालूचं नाव काढलं, तितक्या वेळा ती हे माहीत असून गप्प बसली होती. साड्या दाखवणारा माणूस बोट जिभेपाशी नेऊन थांबला होता.

बहिणीने त्या धाकटीला हाक मारली. "तू सांग गं पोरी. तुझ्या ताईला कोणता पाहिजे?"

पोरीने आरशात एकदा स्वतःकडे बघितलं. गुलाबी तिला खरंच फार छान दिसत होता. पदर खांद्यावरून काढता काढता ती म्हणाली, "हा माझ्यावर भारी दिसतोय, पण ताईला मरून रंगाचा पाहिजे. तिनं सकाळीच सांगितलंय मला."

एवढंच एक वाक्य होतं ते. बोलायला तिला क्षणही लागला नाही.

"मग मरूनच काढा," माझी बहीण म्हणाली, आणि पहिल्यांदा वळून माझ्याकडे बघितलं.