पाणी दिलं होतं का?

माझी मुलगी गेली तेव्हा चौदा महिन्यांची होती. चैत्र संपत आला होता. सोनईतल्या आमच्या आडाचं पाणी तळाला गेलं होतं आणि गावात लहान मुलांना हगवण लागली होती. तिला लागली तेव्हा तिघांनी मला एकच गोष्ट सांगितली. सासूबाई म्हणाल्या, "पाण्याचा थेंब देऊ नकोस. वरून घातलं की खालून जातं." वैद्यबुवांनी पुड्या दिल्या आणि तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी हे तिला खांद्यावर टाकून दवाखान्यात घेऊन गेले. तिथले डॉक्टर म्हणाले, आतड्याला विश्रांती हवी, चोवीस तास तोंडावाटे काही द्यायचं नाही. तिघांचं मत एक पडल्यावर शंका घ्यायला जागा उरली नाही.

ती पाणी मागत होती. बोलता येत नव्हतं. 'मम' म्हणायची आणि कोनाड्यातल्या फुलपात्राकडे हात करायची. मी फुलपात्र उचलून ओटीवर नेऊन ठेवलं. मग ती रिकाम्या कोनाड्याकडे हात करत राहिली. नंतर हातही उचलेना. टाळू खोल गेली, पोटाची कातडी चिमटीत धरली तर सोडल्यावर तशीच उभी राहायची. चौथ्या दिवशी दुपारी मी तिच्याजवळ बसून बाजरी निवडत होते, एक हात तिच्या पाठीवर होता. हाताखालचं हलणं थांबलं.

मी रडले नाही. शेजारच्या बायका सासूबाईंना म्हणाल्या, "तिला रडवा, नाहीतर डोक्यावर परिणाम होईल." एकीनं माझ्यासमोर मुलीचं झबलं आणून धरलं. मी ते घडी करून ठेवलं. सुतक फिटलं, ह्यांची शाळा पुन्हा सुरू झाली. हे मराठी शाळेत मास्तर होते. मी स्वयंपाक करायची, धुणं धुवायची. भाजी करपल्याचा वास यायचा, पण उठावंसं वाटायचं नाही. लोक माझ्याशी बोलायचे ते पलीकडच्या खोलीतून ऐकू आल्यासारखं वाटायचं.

भाद्रपदात नगरहून एक डॉक्टरीणबाई आल्या. लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटार कोळशाच्या धुरावर चालायची आणि चढ आला की लोकांना खाली उतरावं लागायचं. बाई घोडेगावपर्यंत तशा मोटारीनं आणि पुढे बैलगाडीनं आल्या. त्या नगरच्याच होत्या, ख्रिस्ती, पन्नाशीच्या, नऊवारी नेसणाऱ्या. नगरच्या एका इस्पितळात मुलांचा वॉर्ड त्यांच्याकडे होता. उन्हाळ्यात हगवण झालेली मुलं कुठली वाचली आणि कुठली गेली, हे त्यांना घरोघर जाऊन विचारायचं होतं. त्यासाठी लिहिता येणारी आणि घराघरात आत जाऊ शकणारी बाई हवी होती. त्यांनी शाळेत चौकशी केली तेव्हा हे म्हणाले, "माझी बायको मराठी सातवी, फायनल पास आहे."

सासूबाईंना ते पसंत पडलं नाही. "कुणाकुणाच्या घरात जावं लागेल, काय काय शिवावं लागेल."

हे म्हणाले, "घरात बसून काय करते? भिंतीकडे बघते."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग मला म्हणाल्या, "आल्यावर मागल्या दारी आंघोळ करून आत येत जा."

बाईंनी मला शाळेच्या पडवीत बसवलं आणि वही उघडली. कसं विचारायचं ते दाखवते म्हणाल्या. मुलाचं वय, आजार किती दिवस, उलट्या होत्या का, अंगावरचं दूध चालू होतं का, पाणी दिलं होतं का, मूल वाचलं का. "तुमच्यापासूनच सुरू करू. तुम्हाला मूल?"

"एक होती. उन्हाळ्यात गेली. हगवणीनं."

त्यांची लेखणी थांबली नाही. मी एकेक उत्तर दिलं. "पाणी दिलं होतं का?" "नाही." त्यांनी लिहिलं. वहीतली पहिली ओळ माझी झाली. हा प्रश्न त्या का विचारत होत्या ते मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि विचारावंसंही वाटलं नाही.

तीनएक महिने मी सोनईत आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर फिरले. तांबोळ्यांच्या घरी गेले, सुतारांच्या, कुंभारांच्या, मळ्यातल्या छपरांत गेले. बायका सांगायच्या, रडायच्या. मी लिहायची. एखादी जास्त रडली तर थांबायची आणि ती थांबली की पुढचा प्रश्न विचारायची. कुणी म्हणायचं, मास्तरीणबाईंचं काळीज दगडाचं आहे. मला ते ऐकून वाईट वाटत नव्हतं.

वही भरत गेली तसं माझ्या लक्षात यायला लागलं. पाणी दिलेल्यांत वाचलेली मुलं जास्त दिसत होती. कुणी नुसतं पाणी दिलं होतं, कुणी ताक, कुणी भाताची पेज. एका दुपारी कुंभारवाड्यात उभं राहून मी मागची पानं चाळली. मला जे कळायचं ते तिथे कळलं. झालं काहीच नाही. मी वही मिटली आणि पुढच्या घरी गेले.

एका मळ्यात एक बाई गोवऱ्या थापत होती. तिचं दीड वर्षाचं पोर शेणाशी खेळत होतं. उन्हाळ्यात ते मरता मरता वाचलं होतं.

"पाणी दिलं होतं का?" मी विचारलं.

"दिलं की. सासू न्हाई म्हनत हुती. पर ते लई रडाय लागलं. म्या म्हनलं, मरायचंच आसंल तर पिऊन तरी मरू दे. पेज बी पाजली, मिठाचा खडा घालून. बोळ्यानं, थोडी थोडी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमाला किती लेकरं?"

"एक होती."

"हगवनीनंच गेली?"

"हो."

तिचे हात थांबले. "पानी दिलं न्हाई व्हय?"

"नाही."

"कुनी सांगितलं आसंल," ती म्हणाली.

"हो. सांगितलं होतं."

तिनं हात धुतले, आत गेली आणि पाण्याची लोटी घेऊन आली. मी घेतली नाही. तेव्हा आम्ही दुसऱ्या जातीच्या घरचं पाणी घेत नसू, आणि मी रीत मोडणारी नव्हते. तिनं लोटी खाली ठेवली आणि पुन्हा गोवऱ्यांना बसली. मला आजही वाटतं, निदान घोटभर तरी प्यायला हवं होतं.

डॉक्टरीणबाईंना वही दिली तेव्हा मी म्हटलं, "पाणी दिलेली वाचतात."

"तसं वाटतं खरं," त्या म्हणाल्या, "पण एवढ्यावरून म्हणता येत नाही. पाणी मागणारी, पिऊ शकणारी मुलं मुळातच कमी आजारी असतील. आणि मूल गेलेली आई वेगळं आठवते, वाचलेल्याची वेगळं." मग त्या म्हणाल्या, "वॉर्डात करून बघायला हवं. याल?"

मी नगरला गेले. हे शनिवारी-रविवारी यायचे. इस्पितळाच्या आवारात नर्सबायका राहायच्या तिथे मला एक खोली मिळाली. वॉर्डात तेव्हा हगवणीच्या मुलाला पहिला दिवस उपाशी ठेवत आणि मांडीच्या कातडीखाली सुईनं मिठाचं पाणी सोडत. मांडी फुगायची, मूल किंचाळायचं. सुया थोड्या होत्या आणि मुलं जास्त. बाईंचं म्हणणं, पातळ पेज, त्यात मीठ आणि गूळ, चमच्या-चमच्यानं पहिल्या तासापासून द्यावी. थोरल्या डॉक्टरांना ते पटत नव्हतं. माणूस वाईट नव्हता, त्यांच्या पुस्तकांत तसंच लिहिलेलं होतं. शेवटी असं ठरलं की सोमवार, बुधवार, शुक्रवारी येईल त्या मुलाला पेज द्यायची. मंगळवार, गुरुवार, शनिवारी येईल त्याला नेहमीसारखं. रविवारची मुलं मोजायची नाहीत. वर्षभर असं करायचं आणि मग बघायचं.

पेज करणं आणि पाजणं माझ्याकडे होतं. काम मला जमायचं. मन लागत होतं असं नाही, पण चमचा हातात असला की वेळ जायचा. मंगळवारच्या मुलांच्या खाटांकडे मी बघत नसे.

फाल्गुनातल्या एका गुरुवारी सकाळी खर्ड्याकडची एक बाई दहा महिन्यांचा मुलगा घेऊन आली. दोन दिवस गाडीनं, मोटारीनं प्रवास करून आली होती. मुलगा काही मागत नव्हता. डोळे अर्धवट उघडे, ओठ फुटलेले. सुई लावली, मांडी फुगली, पण पाणी शरीरात जिरेना. शेजारच्या खाटेवर बुधवारचं मूल होतं, मी त्याला पाजत होते. ती बाई बराच वेळ बघत होती.

"बाई, त्या लेकराला पाजताय. माझ्याला का न्हाई?"

मी म्हटलं, "आज गुरुवार आहे."

तिला कळलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, पोराकडे बघितलं आणि घाईघाईनं म्हणाली, "आमच्यात गुरुवारचा उपास न्हाई करत, बाई. द्या तुमी. चालतं आमाला."

मी उठले, वाटी भरून आणली आणि त्या मुलाच्या ओठांना चमचा लावला. पहिला बाहेर आला, दुसराही. तिसरा गिळला. दुपारभर मी तिथेच बसले. एकदा उलटी झाली, मग थोडं थांबून पुन्हा दिलं. दिवेलागणीला त्याला लघवी झाली. आईनं ओलं फडकं उचलून मला दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी किती दिलं, कितीदा दिलं, उलटी झाली का, सगळं विचारलं. मग वही काढली आणि त्या मुलाच्या ओळीवर काट मारली.

"हे मूल आता कुठल्याच बाजूला धरता येणार नाही."

"नका धरू."

"काय केलंत, कळतंय तुम्हाला?" त्यांचा आवाज चढला. पहिल्यांदाच. "वर्ष पुरं झालं असतं तर कुणाला नाही म्हणता आलं नसतं. नुसत्या नगरला नाही, सगळीकडे. आता म्हणतील, ह्यांनी वारच पाळले नाहीत. एका मुलासाठी किती मुलं घालवलीत, हिशेब आहे?"

त्यांचं चुकत नव्हतं. मी म्हटलं, "तिला गुरुवार समजावून सांगता आला नाही मला."

त्यांनी वही मिटली. मला काढून टाकतील असं वाटलं होतं. ट्रंक भरून ठेवली. शनिवारी एक मूल आलं, मुलगी होती. बाई तिच्या खाटेशी आल्या, पोटाची कातडी चिमटीत धरून बघितली, सोडली. तशाच उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पेज आणा." त्या दिवसापासून वार मोडले.

खर्ड्याचा मुलगा नवव्या दिवशी घरी गेला. त्याची आई माझ्या पाया पडायला वाकली, मी पाय मागे घेतले. मला आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडताना मी त्या खाटेची चादर उकळायला टाकायची आहे, एवढाच विचार करत होते. शनिवारची मुलगी मात्र वाचली नाही. पेज देऊनही नाही. तेही बाईंनी वहीत लिहिलं.

होतं तेवढ्यावर त्यांनी निबंध लिहून मुंबईला पाठवला. काही महिन्यांनी परत आला. मुलांची संख्या अपुरी आहे आणि ठरवलेला क्रम शेवटपर्यंत पाळलेला नाही, असं सोबतच्या पत्रात होतं. बाईंनी पत्र मला वाचून दाखवलं आणि कपाटात ठेवलं. दोष माझा आहे असं त्या बोलल्या नाहीत, नाही असंही बोलल्या नाहीत. वॉर्डात पेज चालू राहिली. थोरले डॉक्टर फेरीला आले की म्हणायचे, "द्या, तुमचं ते कांजीपाणी द्या," आणि पुढे जायचे. नंतरनंतर ते स्वतःच विचारायला लागले, पाजलं का म्हणून. आमच्या वॉर्डाबाहेर मात्र पुष्कळ वर्षं डॉक्टर मुलांना उपाशीच ठेवत राहिले. इतर गावांहून आलेल्या बाया सांगायच्या तेव्हा मला कळायचं.

निबंध परत आला त्या वर्षी दिवाळीला मी सोनईला गेले. भाऊबीज झाल्यावर दुपारी सासूबाई आणि मी ओटीवर मेथी निवडत बसलो होतो. वॉर्डाबद्दल त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. बाहेरून आल्यावर आंघोळ करायचं मात्र त्या आता सांगत नव्हत्या.

"ते घरोघर विचारत होतीस," त्या म्हणाल्या, "त्यातून काय निघालं?"

मी सांगितलं. हगवण लागली की पाणी तोडायचं नाही. मीठ-गूळ घालून थोडं थोडं देत राहायचं. शरीरातलं पाणी संपतं म्हणून मूल जातं.

त्या काड्या खुडत राहिल्या. बरीच जुडी निवडून झाली. मग म्हणाल्या, "म्हणजे आपली—"

माझ्यासमोर वॉर्डातली शनिवारची मुलगी आली, आणि तो खर्ड्याचा मुलगाही आला. मी म्हटलं, "सांगता येत नाही. पेज देऊनही जातात काही. एकेका मुलाचं उत्तर वहीतून निघत नाही."

हे खरं होतं. बाईंकडूनच मी ते शिकले होते. पण मी ते खरं म्हणून सांगितलं की त्यांच्यासाठी सांगितलं, की माझ्यासाठी, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि आता तर मुळीच येत नाही.

त्यांनी पदरानं डोळे पुसले. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मलाही काहीतरी व्हायला हवं असं वाटत होतं आणि मी वाट बघत होते. मग त्या म्हणाल्या, "मीठ किती घालायचं, नीट सांग. खालच्या आळीत सुतारांची सून बाळंत झालीय, पुढच्या उन्हाळ्यात विचारेल."

मी चिमूट करून दाखवली. त्यांनीही केली. त्यांची जरा मोठी झाली होती. मी म्हटलं, "एवढं नाही, कमी," आणि त्यांची बोटं धरून त्यांतलं अंतर कमी करून दाखवलं.