साडभाऊंचा ब्रश

आमच्या साडभाऊंना एका फेरीत एखादी वस्तू विकून दाखवील असा दुकानदार यवतमाळ जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे. घाटंजीच्या बाजारात ते वांगीसुद्धा सोयरीक जुळवायला आल्यासारखे पाहतात. उलटतात, पालटतात, गाव विचारतात आणि "सांगतो मंग" म्हणून निघून जातात. अशा माणसाने विजेवर चालणारा टूथब्रश घ्यायचं मनावर घेतलं आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

दात घासायची हौस होती म्हणावं, तर तसंही नाही. साडभाऊंच्या गालात उजाडल्यापासून खर्रा असतो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून ते घोटत बसतात आणि घोटता घोटता आरोग्यावर बोलतात. माझी बायको आणि तिची मोठी बहीण, म्हणजे साडभाऊंची मंडळी, दोघींनी सांगून सांगून हात टेकले. यांचं उत्तर ठरलेलं. "खर्रा काही करत नाही बापू. तोंडात घाण राह्यते, ते करते. ब्रश पावरफुल पायजे."

त्या पावरफुल ब्रशसाठी मी त्यांच्याबरोबर एसटीने यवतमाळला किती खेपा घातल्या, देव जाणे. सेलचा घ्यावा की चार्जिंगचा, लाइन गेली तर काय, आणि प्रत्येक दुकानात शेवटी तोच प्रश्न, "याच्याहून लहान डोक्याचा हाय का?" एका ठिकाणी तर त्यांनी ब्रश चालू करून काउंटरच्या फटीतली धूळ काढून दाखवली. दुकानदार खूश झाला. हे म्हणाले, "सांगतो मंग."

शेवटच्या खेपेला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो, तर दातांत घालायच्या धाग्यावरून त्यांनी डॉक्टरांशीही वाद घातला. "काडीनं निघते, त्याले धागा कायले? अन् एवढा कापूस आमच्या वावरात, धागा तुमच्या दुकानातून आणाचा?"

डॉक्टर हसले. "काडीनं हिरडी सोलते. धागा कामाचा आहे. आ करा, दाखवतो."

साडभाऊंनी आ केला. म्हणजे त्यांच्या मते केला. डॉक्टरांची बोटं ओठांशीच अडली. त्यांनी धागा ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाले, "खर्ऱ्यानं तोंड आखडत चाललंय. तो आजपासून बंद. आणि नागपूरला तपासणी करून घ्या, उशीर नको."

लहान डोक्याचा ब्रश का हवा होता, ते मला तेव्हा कळलं. लग्नाच्या पंगतीत हा माणूस बुंदीचा लाडू कुस्करून का खातो, तेही कळलं.

परतताना त्यांनी पहिल्याच दुकानात, भावही न विचारता ब्रश घेतला. लहान पोरांचा, अस्वलाचं चित्र असलेला. एसटीत बसल्यावर चालू करून ओठांशी नेला. तो दातांवर टकटक आपटला, आत काही गेला नाही. मग त्यांनी तो तसाच चालू ठेवून मांडीवर धरला.

"भाऊजी," मी म्हणालो, "नागपूरले कधी जाचं?"

त्यांचा हात सवयीने खिशातल्या पन्नीकडे गेला आणि तिथेच थांबला. ब्रश घरघरत होता.

"सांगतो मंग," ते म्हणाले.