पैसाकिड्याचं मुंडकं

पेरू देशातल्या माद्रे दे दिओसच्या जंगलात कास्तान्याच्या, म्हणजे ब्राझील नटच्या, बिया वेचणाऱ्या टोळ्यांना रांधून घालण्यात हर्मेलिंदाचं निम्मं आयुष्य गेलं. मारहाण तिला नवी नव्हती. पण त्या सकाळी मुकादम अबुंदियोने कोयत्याच्या पाठीने टोळीतल्या नाझारियोचा पाय फोडला आणि वर पोतं उचलायला सांगितलं, तेव्हा ती मध्ये पडली.

"मुकादम, आजचा दिवस पडू द्या त्याला."

टोळीला परातीत किडे झुंजवायचा नाद होता. अबुंदियोने परातीतल्या शेकडो पायांच्या लांबलचक पैसाकिड्याकडे बोट दाखवलं. "तुझ्या चुलीमागच्या शेणकिड्याने याला मारलं, तर पडू देतो."

"शेणखाऊ कसला मारतोय!" टोळी हसली.

चुलीमागे असे काळे किडे पैसाकिड्यांची मुंडकी उडवताना हर्मेलिंदाने कितीदा पाहिले होते. तिने एक आणून सोडला. धडधाकट पैसाकिड्याने त्याला झटकून दिलं. तिने सुरीच्या टोकाने पैसाकिड्याची पाठ चिरली.

"ए थेरडे, लबाडी करतेस?" अबुंदियो ओरडला.

"तुम्ही नाही का, आधी पाय फोडलात, मग ओझं दिलंत?"

रक्ताचा वास येताच शेणकिड्याने जखमीला पायांत कवळलं, डोक्याची धारदार कड सांध्यात खुपसली आणि मुंडकं तोडून धड ओढत नेलं.

अबुंदियोने शेणकिड्याला बुटाखाली चिरडलं. "ऊठ रे नाझारियो!"

"शब्द दिलाय, मुकादम," कुणीतरी म्हणालं. टोळीने आपापली पोती धपाधप खाली टाकली.

अबुंदियोचा हात कोयत्याकडे गेला. बाकीच्यांचे कोयते आधीच हातात आले होते.

नाझारियो त्या दिवशी पडून राहिला.