झाकणातला घास

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडत होते आणि शालनताईंच्या मुलाचा फोन आला. "मावशी, आई गेली..." एवढंच बोलला. त्याला आता महिना उलटून गेला.

चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायच्या लाइनवर त्या माझ्या शेजारी उभ्या राहायच्या, कुरुळीतल्या खोल्याही एकाच चाळीत. नातं म्हणाल तर एवढंच. त्या लातूरकडच्या, त्यांची ज्वारीची भाकरी आणि माझी भाजी डब्याच्या झाकणात एकत्र व्हायची, दोघी त्यातच जेवायचो. पोटातली जळजळ ही त्यांची जुनी सोबतीण. "ॲसिडिटी हाय गं," म्हणत अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवायच्या. मीही हावरट, खायचे.

एक दिवस त्यांनी झाकण ओढून घेतलं. "आजपासून तुझं तुझं, माझं माझं." मी आठवडाभर फुगून बसले. शेवटी त्यांनीच सांगितलं. दुर्बिणीने पोट तपासलं होतं. एक जंतू वर्षानुवर्षं तिथे ठाण मांडून बसलेला. सततच्या सुजेने जठराच्या अस्तरातल्या पेशी बदलत गेल्या, आतड्यातल्यासारख्या दिसू लागल्या, आणि त्यातल्याच काही बेबंद वाढल्या, म्हणजे कॅन्सर. मला कळेना. "साचा झिजतो की नाही? रोज केसाएवढा. माल पास होतच राहतो, अन् एक दिवस सगळाच रिजेक्ट. पेशीत कामाची आज्ञा लिवलेली असती, ती तशी बिघडत गेली म्हणं." आजार त्यांना, आणि त्यांना धास्ती माझी! हा जंतू एकाच्या तोंडातून दुसऱ्याला लागू शकतो, असं डॉक्टर म्हणाले होते. "येडे, बघायलीस काय? आधी तपासून घे. तुझा साचा अजून नीट असंल."

निघालाच जंतू माझ्याही पोटात. गोळ्यांनी तोंड कडूजहर व्हायचं. मी कंटाळले की दवाखान्याच्या खाटेवरून त्यांचा फोन, "गोळी घेतलीस का?" त्यांचा जंतूही औषधाने गेला होता, पण झिजलेलं काही भरून आलं नाही.

माझी तपासणी स्वच्छ आली तोवर त्या दवाखान्यातून परतल्या होत्या, मी त्यांच्या खोलीवर धावले. त्यांनी आधी झाकण मागितलं. भाकरी कुस्करून दोघी त्यात जेवलो... त्यांना दोनच घास गेले. पण इतक्या सुखाने जेवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

अजूनही डबा उघडला की झाकण समोर ठेवलं जातं. परवा पलीकडच्या लाइनवरची विमल येऊन बसली, त्यात हात घातला आणि थांबून म्हणाली, "फार जळजळतंय गं, कितीतरी महिने झाले." मी झाकण ओढून घेतलं. ती माझ्या तोंडाकडे पाहतच राहिली.

"येडे, बघायलीस काय?" मी म्हणाले. "आधी तपासून घे."