दलिचंदभाऊंचा कॅमेरा धुळ्यात अडकला

जळगावच्या दलिचंदभाऊंनी आयुष्यभर डाळ विकली आणि फोटो फुकट काढले. जैन समाजात लग्न असो की नव्या दुकानाचा मुहूर्त, गळ्यात कॅमेरा अडकवून भाऊ हजर. एकदा यावलच्या लग्नात त्यांनी नवरदेवाचा फोटो असा काढला, की घोडीचे दोन्ही कान लख्ख आले आणि नवरदेवाचा नुसता फेटा. वरबाप रुसला. घोडीवाल्याने मात्र तो फोटो मागून नेला, काच लावून घरात टांगला. भाऊ ही गोष्ट स्वतःच सांगत आणि सगळ्यांत आधी स्वतःच हसत.

यंदा काम घरचं होतं. पत्नी लाडकुंवरबाईंचं वर्षीतप चालू होतं. एक दिवस उपास, एक दिवस जेवण, असं तेरा महिने. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उसाचा रस घेऊन पारणं. मुलाने, अमनने, फोटोवाला ठरवला होता. भाऊंनी सगळ्या सोयऱ्यांदेखत त्याला नको म्हणून सांगितलं. घरच्या पारण्याचे फोटो मी काढीन, तेही नव्या कॅमेऱ्याने.

नव्या कॅमेऱ्याचा दुकानातला भाव अडीच लाख. अमन नुसता "पप्पा" म्हणाला. मग भाऊंना मोबाइलवर लिलावाची एक साइट सापडली. तोच कॅमेरा, लांब नळीच्या लेन्ससकट, फक्त दोनदा वापरलेला. आठ दिवस बोली चालली. शेवटच्या दिवशी भर दुपारी ताट बाजूला सारून भाऊंनी शहाऐंशी हजार लावले आणि कॅमेरा त्यांच्या नावावर सुटला.

घोळ झाला तो इथे. मंदिरात आरतीची बोली लागते, तेव्हा तोंडातून आकडा गेला की तो आकडा देवाचा. तो घरात ठेवून घेणं पाप. भाऊंचे वडील तर बोलीची रक्कम मुनिमाकडे पोचवल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नसत. एकदा नाल्याला पूर आला, मुनीम पलीकडे अडकला, तर संध्याकाळपर्यंत कोरड्या घशाने काठावर बसून राहिले. भाऊ त्याच वळणात वाढलेले. साइटवर लाल अक्षरांत लिहिलं होतं, की पैसे साइटमार्फतच भरा, मुदत तीन दिवस. विकणाऱ्याचा निरोप आला, की थेट माझ्या खात्यात टाका, आजच पाठवतो. भाऊंना ती लाल अक्षरं वाचून लाजच वाटली. भल्या माणसावर एवढा संशय कशाला? दहा मिनिटांत पैसे गेले. मग ते पाणी प्यायले.

कॅमेरा आला नाही. निरोप आला. माल सिंगापूरहून आलाय, कस्टमचे साडेचौदा हजार भरा. भाऊंनी भरले. मग विम्याचे बावीस हजार, ते परत मिळणारे. भाऊ थबकले, तसा समोरचा म्हणाला, "शेठजी, बोली तुम्ही लावलीत. आता मागे हटताय?"

एवढं पुरे होतं. भाऊंची झोप उडाली. पैसे भरावेत तर खड्डा खोल होणार, न भरावेत तर शब्द जाणार. अमनला सांगायची छाती होत नव्हती. बाईंना सांगावं तर तप चालू, तपस्व्याचा जीव दुखवायचा नाही. दारात गाडी थांबली की भाऊ उठून उभे राहत.

आखाजी तीन दिवसांवर आली. कुणाला न सांगता भाऊ धुळ्याच्या बसमध्ये बसले. माल धुळ्याच्या गोदामात आहे, असं दाखवून विकणाऱ्याने पत्ता दिला होता. रणरणत्या उन्हात हायवेवर तो पत्ता सापडला. तिथे टायरचं दुकान होतं. मालक निंबा ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होता.

"कॅमेऱ्याचं गोदाम?" भाऊंनी विचारलं.

निंबाने मानही वर केली नाही. "बसा बाबा. तुम्ही चौथा शेतस. आठे गोदाम-बिदाम काहीच नही. बठ्ठा मन्हाच दुकानवर येतस."

"सगळे इथेच येतात? मग कॅमेरा?"

"कॅमेरा राहता तर मी पंक्चर काढता का? तुमनं किती गयं?"

भाऊंनी आकडा सांगितला. निंबा हसला नाही. हात पुसून त्याने माठातलं पाणी दिलं आणि सायबर तक्रारीचा एकोणीसशे तीस नंबर सांगितला. तेवढ्यात विकणाऱ्याचा फोन आला. भाऊंनी वाजू दिला. तो थांबल्यावर घरी लावला आणि लाडकुंवरबाईंना सगळं सांगून टाकलं.

मग बाई म्हणाल्या, "बोली देवाला लावली होती का?"

"नाही."

"मग त्या चोराला कसला शब्द देता? सोडा. आणि अमनला तुम्हीच सांगा. मी नाही सांगायची."

"तुझा उपास आहे ना आज?"

"उपास माझा आहे. चूक तुमची आहे."

विकणाऱ्याचा फोन पुन्हा वाजला. या वेळी भाऊंनी तो कापला. मग एकोणीसशे तीस लावला. पलीकडच्या बाईने विचारलं, "पहिले पैसे कधी भरले?"

"सोळा दिवस झाले."

"लगेच कळवायला हवं होतं, बाबा. आता बघू काय होतं ते. खात्याचा उतारा जोडावा लागेल. खातं कुणाच्या नावाचं?"

खातं भाऊ आणि अमन दोघांच्या नावाचं होतं. तीन दिवसांवर पारणं, सोयरे निघालेले, आणि आखाजीच्या दिवशी जळगावात रिकामा फोटोवाला मिळणं मुश्कील. निंबाने टायर उतरवायला घेतलं होतं, तरी कान इकडेच होता. भाऊंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मुलाला फोन लावला.

"अमन, दुकानात गिऱ्हाईक आहे का? असू दे. तू जरा बाहेर ये, बेटा. मी धुळ्याहून बोलतोय."