प्रधान काकूंच्या बेसमेंटमध्ये काढलेलं जहाज

आधीच सांगते, मी भूत मानत नाही. ‘मानत नव्हते’ असं लिहिणार होते, पण नको. अजूनही मानत नाही. नागपूरला कॉलेजात असताना अंगात आणून लोकांना लुबाडणाऱ्यांविरुद्ध पत्रकं वाटली आहेत मी, बसस्टँडवर उभी राहून शिव्या खात. त्यामुळे खाली प्रतिक्रियांमध्ये ‘शेवटी आलीस ना वळणावर’ लिहायला जे टपलेत त्यांनी जरा दम धरावा. वळणावर वगैरे काही आलेली नाही. एक गोष्ट घडली आणि तिचा उलगडा होत नाही... म्हणून लिहितेय.

२००६ चा हिवाळा, अमेरिकेतलं ॲन आर्बर. मी पीएचडी करत होते आणि माझ्याच लॅबमध्ये नोएल होता, पूर्वेकडच्या एका बेटांच्या देशातला. देशाचं नाव मुद्दाम देत नाही. त्याने नको म्हटलंय आणि त्याच्या घरचे अजून तिथेच आहेत. त्याचा मोठा भाऊ रामोन नौदलात होता. आता नौदल म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पांढरा युनिफॉर्म आणि बँड येणार. रामोनचं जहाज चालतच नव्हतं! महायुद्धाच्या काळातलं जुनं धूड, भर समुद्रातल्या एका खडकावर मुद्दाम नेऊन रुतवलेलं. त्या खडकावर दोन देश हक्क सांगतात. मग काय — जहाज रुतवा, वर झेंडा लावा, चार पोरं ठेवा, झाली चौकी. गंजून चाळण झालेली, एका बाजूला कललेली चौकी. समोर दुसऱ्या देशाच्या गस्ती बोटी. नकाशावरची रेघ आपली राहावी म्हणून जिवंत माणसं खिळ्यांसारखी ठोकून ठेवायची, आणि राजधानीत बसून भाषणं करायची. चीड येते ना? यायलाच पाहिजे.

रामोनच्या जागी दुसरा माणूस ख्रिसमसच्या आधी यायचा होता. आला नाही. रसद नेणारी बोट अडवली गेली आणि परत फिरली. तोवर रामोन अधूनमधून सॅटेलाइट फोनवरून नोएलशी बोलायचा, ते फोनही बंद पडले. नोएलची आई रोज फोन करून एवढंच विचारायची, काही कळलं का? तिला काय सांगायचं या विचाराने नोएलचं जेवण तुटलं होतं. लॅबमध्ये डबा उघडायचा आणि तसाच बंद करायचा.

मला जे येतं ते मी केलं. पत्रक काढलं. वर रामोनचा फोटो, खाली ‘या माणसाला घरी आणा’. आणि कॅम्पसवर एक प्रदर्शन ठरवलं: रामोन राहतो ती खोली खऱ्या मापात जमिनीवर आखायची आणि लोकांना बूट काढून आत फिरायला लावायचं. लोखंडी जमीन कुठे कुठे गंजून फुटलीय, कुठे पाय टाकायचा नाही, हे रामोनने फोनवर इतक्यांदा सांगितलं होतं की नोएलला तो नकाशा पाठ होता. गंजलेल्या जागा लाल. लालवर पाय पडला की तुम्ही खाली, पाणी भरलेल्या तळात. मग कळेल लोकांना.

आधी एकदा आखून बघायला जागा हवी होती. विद्यार्थ्यांच्या अपार्टमेंटमध्ये धड योगासनं करता येत नाहीत, जहाज कुठलं! म्हणून प्रधान काकूंचं बेसमेंट. काकू रिटायर्ड डॉक्टर, काका गेल्यापासून एकट्या. आम्हा मुलांना शनिवारी जेवायला बोलवायच्या. शनिवारी दुपारी मी आणि नोएल पोचलो. बाहेर बर्फ कोसळत होतं. बेसमेंट म्हणजे नुसतं करडं काँक्रीट, छताजवळ एक खिडकी, तीही बर्फाने बुजलेली. अर्ध्या भिंती आखून होतायत तोच आमची चिकटपट्टी संपली. अशा हवेत दुकान गाठणं शक्यच नव्हतं. काकूंनी वरून रांगोळीचा डबा आणला.

पांढऱ्या रांगोळीने भिंती झाल्या, रामोनची झोपायची जागा झाली. लाल रंगाने गंजलेल्या जागा. मग काकूंनी विचारलं, हे लोक जेवतात कुठे? नोएलने स्टोव्हजवळची जागा दाखवली. काकू गुडघे सांभाळत खाली बसल्या आणि तिथे महिरप काढायला लागल्या, पंगतीत ताटाभोवती काढतात तशी. मी म्हटलं, “काकू, हे प्रदर्शन आहे, केळवण नाही.”

“मग प्रदर्शनातल्या माणसाला भूक लागत नाही वाटतं?” काकू म्हणाल्या. “महिरप काढली म्हणजे बोलावणं झालं, मुक्ता. जागा मांडून रिकामी ठेवत नाहीत.”

मी अंधश्रद्धेवर माझं नेहमीचं सुरू करणार होते, पण नोएलने अर्थ विचारला. काकूंनी इंग्लिशमध्ये सांगितला. तो उठला. वर गेला, ताटात खिचडी, पापड, लिंबाची फोड आणि पाण्याचा पेला घेऊन आला, आणि स्वतःच्या हाताने ते ताट महिरपीत ठेवलं. मग आम्ही तिघं वर जेवायला बसलो. बेसमेंटचं दार किचनमध्येच उघडतं. मी त्या दाराकडे तोंड करून बसले होते. खाली कुणी गेलं नाही. घरात चौथं माणूस नव्हतं, कुत्रं-मांजर नव्हतं.

जेवण अर्ध्यावर असताना खालून आवाज आला. स्टीलचं ताट काँक्रीटवरून ओढल्याचा.

मी म्हटलं, हीटिंगचा पाइप असेल. आणि म्हटलेलं सिद्ध करायला उठले. दोघं मागोमाग आली.

जिन्यातच वास आला. गंजलेलं लोखंड, डिझेल आणि साचलेलं खारट पाणी. खाली पाय ठेवला आणि मी भिंतीला हात लावला... कारण तोल जात होता. जमीन कलली होती. म्हणजे नव्हती, डोळ्यांना सपाट दिसत होती, पण अंग सांगत होतं उजवीकडे उतार आहे. पेल्यातलं पाणी एका काठाला चढलेलं होतं आणि तसंच राहिलं होतं. मी ते टक लावून बघत राहिले. पाणी असं राहत नाही.

आणि पावलं. रामोनच्या झोपायच्या जागेपासून निघालेली, अनवाणी, ओली, गंजाच्या पाण्यासारखी तांबूस. पांढरी रेघ ओलांडताना पुसली होती. प्रत्येक लाल जागा चुकवत ती ताटापर्यंत आली होती. पण ताटाच्या अलीकडे, जिथे आम्ही काहीच काढलं नव्हतं, नुसतं करडं काँक्रीट होतं, तिथे त्या पावलांनी मोठा वळसा घातला होता. तिथे काय होतं? काही नव्हतं.

ताट महिरपीच्या बाहेर ओढलेलं होतं, पावलांच्या बाजूला. खिचडीत बोटं घातल्याची खूण होती.

हे सगळं दिसून गेल्यावर एक गोष्ट उशिरा लक्षात आली. पावलं ताटापर्यंत येत होती. परत जात नव्हती.

नोएल खाली बसला. “रामोन?” एवढंच म्हणाला, अगदी हळू, झोपलेल्याला उठवावं तसं. मी जिन्याकडे सरकले. काकूंनी मात्र हात जोडले आणि रिकाम्या जागेला मराठीत म्हणाल्या, “सावकाश जेव, बाळा. घाई नाही.”

मी वर पळाले. लिहायला लाज वाटते, पण पळाले.

किती वेळाने कोण जाणे, दोघं वर आली. नोएलचा चेहरा बघवत नव्हता. भाऊ गेला, असंच तो धरून चालला. आईला मात्र काही सांगितलं नाही. काकूंनी दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने सगळं पुसून काढलं; फडकं तांबूस निघालं म्हणाल्या. मी म्हटलं लाल रंग असेल. त्या म्हणाल्या, असेल.

प्रदर्शन आम्ही केलं. नोएलने एकच हट्ट धरला, त्या मोकळ्या जागीही लाल चौकोन हवा. मी वाद घातला नाही. लोक आले, मोजे घालून फिरले, फोटो काढले, हसले, काही लालच्या कडेला थबकले.

आणि मग एके दिवशी लॅबमधून परतताना बसमध्ये नोएलने सांगितलं, रामोन जिवंत आहे. बोट पोचली, त्याला किनाऱ्यावर आणलंय. मी सीटवरून उठून त्याला मिठी मारली. तो तसाच ताठ बसून होता.

“मी त्याला प्रदर्शनाचे फोटो मेल केले होते,” तो म्हणाला. “त्याने विचारलं, स्टोव्हजवळचं भोक तुम्हाला कुणी सांगितलं?”

ते भोक रामोनच्या शेवटच्या फोननंतर पडलं होतं. तिथून एलियास नावाचा त्याचा साथीदार खाली कोसळून बुडाला होता. पाणी भरलेल्या तळात. ताप होता त्याला, म्हणून रामोनने स्वतःची कोरडी झोपायची जागा त्याला दिली होती. एलियास तिथून उठून जेवायला निघाला होता.

खूप विचार केला मी. बेसमेंटमध्ये पाणी झिरपतं. वासाचे भास होतात. नोएलला कुठून तरी आधीच कळलं असेल, असाही घाणेरडा संशय घेऊन झाला. यातलं काहीच त्या वळशाला लागू पडत नाही. स्पष्टीकरण नाही माझ्याकडे, आजही नाही.

आमच्या पत्रकावर रामोनचा फोटो होता, रामोनचं नाव होतं. एलियासचे आईवडील कुठल्याशा बेटावर मासेमारी करतात. अमेरिकेत शिकणारा भाऊ त्याला नव्हता. त्याच्या सरकारने चार ओळींचं निवेदन काढलं, त्यात ‘अपघात’ लिहिलं. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “बोलावणं कुणाच्याही नावाने असू दे गं. उपाशी होता तो आला.”

काकूंच्या बेसमेंटमध्ये आता वॉशिंग मशीन आहे. कधी गेले तर कपडे टाकायला मीच खाली जाते, भीत नाही म्हणून दाखवायला. पण त्या एका जागेवर मी पाय ठेवत नाही. वळसा घालून जाते.